धूळपाटी, फळा आणि पडदा

माझा पेशा मास्तरकीचा, आणि त्यातही चित्रकलेच्या मास्तरकीचा. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. पुढे मॅट्रिक झालो (आता तिला दहावी म्हणतात, पण आमच्या घरात शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत), कलाशिक्षकाची पदविका घेतली आणि तालुक्याच्या गावी एका हायस्कुलात चिकटलो. चित्रकलेचे तास कमी पडतात म्हणून पाचवी-सहावीचा इतिहासही माझ्या गळ्यात आला, आणि तो मी आनंदाने बाळगला. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या वाचणारे थोडे, पण माझे फळ्यावरचे अक्षर वाचणारे पुष्कळ. पंधरा ऑगस्ट असो की गावच्या यात्रेच्या निमित्ताने भरणारे स्नेहसंमेलन असो, दर्शनी फळ्यावर रंगीत खडूने चित्र काढायचे ते मीच. फळा हे माझे राज्य होते म्हणा ना!

या राज्यावर २०१६ साली परचक्र आले. त्या सुमारास महाराष्ट्रात गावोगावी ‘डिजिटल शाळा’ होऊ लागल्या होत्या. आमच्याही गावाने लोकवर्गणी काढली. कोणी पाचशे दिले, कोणी पाच हजार, आणि शाळेत एक प्रोजेक्टर आला. उद्घाटनाला सरपंच, पालक, शेजारच्या शाळांचे मुख्याध्यापक अशी मंडळी जमली. पहिला पाठ मी घ्यावा असे ठरले, कारण चित्रे दाखवायची तर चित्रकलेच्या मास्तरांनीच दाखवावीत! मी किल्ल्यांची छायाचित्रे जमवून ठेवली होती. बटण दाबले. पडदा निळाभोर झाला आणि निळाच राहिला. मी वायर काढली, पुन्हा लावली. संगणक बंद केला, पुन्हा सुरू केला. घाम फुटला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून नववीतला एक मुलगा उभा राहून अदबीने म्हणाला, “सर, सोर्स बदला.”

सोर्स म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. ‘ये बाळ, तूच बदल,’ एवढे म्हटले असते तर काय बिघडले असते? पण मी त्याच्यावर खेकसलो, “बस खाली!” आणि पाहुण्यांकडे वळून म्हणालो, “वीज कमी दाबाने येते आहे. आज आपण फळ्यावरच पाहू.” मग मी खडूने रायगड काढला. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या यंत्रावर एक फुलाफुलांचे कापड पडले, ते पुढे कित्येक महिने उठले नाही.

इतिहास शिकवणाऱ्याला एक खोड असते. घरात भांडण झाले तरी तो त्याची पूर्वपीठिका शोधू लागतो. माझ्या फजितीला पूर्वजांचा काही आधार सापडतो का, हे मी चाळू लागलो. आधार सापडला, पण मला हवा होता तो नव्हे.

*

आपल्याकडची मूळ पाटी म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची आणि बोटाने वा काडीने अक्षर गिरवायचे. चुकले तर तळवा फिरवला की पाटी कोरी! पंतोजींच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या मुले याच रीतीने ओनामा शिकली. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्या पाटीची आठवण आजही सांभाळून आहे. हे इतके जुने आणि इतके स्वस्त साधन, त्याचा जगाच्या शिक्षणाच्या इतिहासाशी काय संबंध, असे वाटेल. पण संबंध आहे, आणि चांगला घनिष्ठ आहे.

मद्रासच्या एग्मोर भागात सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रमशाळा होती. १७८९ पासून तिची देखरेख अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याकडे होती. एकदा त्याने जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. ही रीत त्याला इतकी पसंत पडली की त्याने आपल्या शाळेतल्या मास्तरांना तसेच शिकवण्याचा हुकूम केला. मास्तर म्हणाले, हे अशक्य आहे. जमायचे नाही. तेव्हा बेलने काय केले? त्याने आठ वर्षांच्या एका मुलाला पुढे केले आणि खालच्या वर्गाला वाळूत अक्षरे शिकवण्याचे काम त्याच्याकडे दिले. त्या मुलाला ते जमले. मग मुलांनीच मुलांना शिकवावे ही पद्धत बेलने उभारली आणि १७९७ साली लंडनला पुस्तिका छापून तिचा प्रसार केला. पुढे जोसेफ लँकेस्टरच्या नावाने तशीच पद्धत इंग्लंडात पसरली, आणि १८२० नंतर मुंबई इलाख्यात नव्या धर्तीच्या मराठी शाळा निघू लागल्या तेव्हा ती ‘विलायती सुधारणा’ म्हणून आपल्याकडे परत आली. आपलीच धूळपाटी समुद्रपर्यटन करून आली म्हणा!

मला मात्र या हकिगतीत त्या अनामिक मास्तरांची आठवण धरून बसली. ‘अशक्य आहे’ असे ते का म्हणाले असतील? ते आळशी असतील, हट्टी असतील. पण एक गोष्ट मला स्वानुभवावरून सांगता येते. पोरांसमोर वाळूत बोट घालून अक्षर काढायचे, ते वेडेवाकडे आले तर पोरे हसणार, या भीतीनेही माणूस ‘अशक्य आहे’ म्हणतो. बेलने त्यांना शिकवण्याच्या भानगडीत न पडता बाजूला सारले. मास्तर अडला तर मास्तराविना चालवा, हा विचार तेव्हापासूनचा आहे. पुढे दोनशे वर्षे तो निरनिराळ्या यंत्रांच्या आडून डोकावत राहिला.

*

ज्या फळ्याच्या जोरावर मी प्रोजेक्टरला तुच्छ लेखत होतो, तो फळा तरी कुठे सनातन होता? वर्गाच्या भिंतीवरचा मोठा काळा फळा ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची नवलाई. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट येथील लष्करी शाळेत १८०१ च्या सुमारास जॉर्ज बॅरन नावाचे गणिताचे अध्यापक तो वापरीत. एडिंबरोच्या हायस्कुलाचे रेक्टर जेम्स पिलन्स हे भूगोल शिकवताना फळ्यावर रंगीत खडूने नकाशे काढीत, असे सांगतात. रंगीत खडूचे नाव वाचून मला या गृहस्थांविषयी एकदम आपलेपणा वाटला.

पण या फळ्याचेही स्वागत पायघड्या घालून झाले नाही. अमेरिकेतल्या येल कॉलेजात १८३० साली फळ्यावरून चक्क बंड झाले. भूमितीच्या परीक्षेत तोवर विद्यार्थी पुस्तकातल्या आकृतीकडे पाहून उत्तर देत असत. आता सर्वांसमोर फळ्यावर स्वतः आकृती काढून ती समजावून सांगा, असे फर्मान निघाले. विद्यार्थ्यांनी साफ नकार दिला. कॉलेजने चाळिसांवर मुलांना काढून टाकले! सर्वांच्या देखत फळ्यावर चुकण्याची धास्ती केवढी मोठी असते, हे या एका गोष्टीवरून कळावे. शिक्षकांचीही अवस्था निराळी नसणार, कारण फळा कसा वापरावा हे प्राथमिक शिक्षकांना शिकवण्यासाठी बॉस्टनमध्ये १८४१ साली जोसाया बम्स्टेड यांना एक स्वतंत्र पुस्तकच लिहावे लागले. खडू आणि फळा यांचे प्रशिक्षण! आज हसू येते. पण मी पदविकेला असताना आम्हालाही फलकलेखन शिकवलेच होते की. सरळ ओळ यावी म्हणून मी महिनाभर हात दुखेपर्यंत फळे भरले होते. तो सराव मी साफ विसरलो होतो, आणि फळा मला उपजतच येत होता असे समजत होतो.

या फळ्याची सर्वांत शिकण्यासारखी कथा जपानात घडली. १८७२ साली टोकियोत शिक्षक घडवणारी सरकारी नॉर्मल स्कूल सुरू झाली. तेथे मॅरियन स्कॉट हा अमेरिकन शिक्षक नेमण्यात आला. त्याच्या शिकवण्याबरोबर अमेरिकेतून पुस्तके आली, बाके आली, फळे आले. तोवर जपानी गुरुजी आपल्या पंतोजींप्रमाणेच एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवीत. सगळ्या वर्गाला एकदम शिकवणे ही गोष्टच नवी. तेव्हा तेथे नुसते फळे वाटले गेले नाहीत. एक जण शिकवतो आहे आणि बाकीचे शिक्षक मागे उभे राहून पाहत आहेत, मग सारे मिळून त्या पाठाची चिकित्सा करीत आहेत, अशी रीत त्या काळापासून तेथे रुजत गेली. तिला ते ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास. ती आजही चालू आहे. फळ्यावर काय, कोठे, कोणत्या क्रमाने लिहायचे याला त्यांच्याकडे ‘बान्शो’ असे वेगळे नाव आहे. तास संपेपर्यंत पुसायचे नाही, म्हणजे साऱ्या पाठाचा प्रवास शेवटी मुलांना एका दृष्टिक्षेपात दिसतो. परदेशातून आलेले एक काळे लाकूड त्यांनी असे आपलेसे केले. ते हुकमाने झाले नाही. एकमेकांचे तास पाहण्याची लाज त्यांनी सोडली म्हणून झाले.

*

आता पडद्याकडे वळतो. भिंतीवर उजेडाने चित्र पाडणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रे पडद्यावर हलताना पाहून लोक थक्क होत. आमच्या शाळेतला प्रोजेक्टर हा त्या खरोलिकेचा वंशजच. पण खेळ दाखवणाऱ्या पटवर्धनांचे हात त्या यंत्रावर बसलेले होते, आणि माझे नव्हते.

शाळेत ही जादू आणण्याची स्वप्ने मात्र फार मोठी होती. १९१३ साली एडिसनने भाकीत केले की शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि दहा वर्षांत चित्रपट सारे शिक्षण बदलून टाकतील. दहाच्या जागी शंभरावर वर्षे गेली. दप्तराचे ओझे काही कमी झाले नाही! चित्रपटानंतर रेडिओ आला, रेडिओनंतर टेलिव्हिजन. लॅरी क्यूबन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली या साऱ्याचा इतिहास लिहिला. त्यात एक चक्र पुन्हा पुन्हा फिरताना दिसते. आधी मोठा गाजावाजा, मग शाळांतून यंत्रांची खरेदी, मग यंत्रे फारशी वापरली जात नाहीत असा शोध, आणि शेवटी दोष कोणाचा? मास्तरांचा! यंत्र खरेदी करताना मात्र त्या मास्तरांना कोणी विचारलेले नसते.

आपल्याकडे दिल्लीत टेलिव्हिजन १९५९ साली सुरू झाले आणि दोनच वर्षांनी तेथल्या माध्यमिक शाळांसाठी पाठ दाखवले जाऊ लागले. पण खरा मोठा प्रयोग झाला तो १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. त्यावरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोहोचवण्यात आले. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग प्रसिद्ध आहे. छपरावर जाळीची मोठी तबकडी आणि शाळेच्या ओसरीत टेलिव्हिजन, आणि त्यासमोर बसलेली मुले! ज्या गावांत वीज नव्हती तेथेसुद्धा काही ठिकाणी बॅटरीवर संच चालवले गेले.

त्या प्रयोगातली एक बाब मला फार मोलाची वाटते. हा टेलिव्हिजन केवळ मुलांसाठी नव्हता. प्राथमिक शाळेत विज्ञान कसे शिकवावे, याचे बारा-बारा दिवसांचे वर्ग शिक्षकांसाठी याच उपग्रहावरून घेतले गेले, आणि वर्षभरात जवळजवळ ५०,००० शिक्षक त्यात शिकले. पडद्यावर पाठ दिसे, त्याच्या जोडीला रेडिओ असे, हातात छापील पुस्तिका असे, आणि शिक्षकांनी स्वतः प्रयोग करून पाहायचे असत. यंत्र आले तेव्हा शिक्षकाला बाजूला न सारता आधी त्यालाच समोर बसवले, असा हा प्रसंग. बेलच्या मद्रासपासून इथवर यायला पावणेदोनशे वर्षे लागली. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. पण त्या बारा दिवसांत हाताने केलेले प्रयोग काही परत गेले नसतील.

*

याच्या उलट काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९८६ साली नवे शैक्षणिक धोरण आले आणि १९८७ पासून ‘खडू-फळा मोहीम’ सुरू झाली. देशातल्या हजारो प्राथमिक शाळांना तेव्हा धड दोन खोल्या नव्हत्या, कित्येक शाळांत एकच शिक्षक होता, कित्येकांत फळाही नव्हता. पिलन्सच्या फळ्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली तरी तो आपल्या वाडी-वस्तीवर पोहोचायचा होता! मोहिमेतून खोल्या आल्या, दुसरा शिक्षक आला, नकाशे, तक्ते, खेळणी, विज्ञानाची पेटी आली. काम मोठे होते, याविषयी वाद नाही. पण मी ज्या प्राथमिक शाळेत शिकलो, तेथे ती विज्ञानाची पेटी एका लोखंडी कपाटात कुलूपबंद होती. फुटले-तुटले तर भरून द्यावे लागेल ही गुरुजींना धास्ती. आम्ही मुले कपाटाच्या फटीतून आतले भिंग पाहण्याची खटपट करीत असू. ही धास्ती सार्वत्रिक असली पाहिजे, कारण पुढे १९९३-९४ पासून ते साहित्य कसे वापरावे हे शिकवण्यासाठी प्राथमिक शिक्षकांचे खास प्रशिक्षण सरकारला सुरू करावे लागले. म्हणजे वस्तू आधी आणि शिकणे नंतर.

संगणकाच्या बाबतीतही क्रम तोच राहिला. १९८४ साली सुमारे अडीचशे शाळांत ‘क्लास’ या योजनेतून ब्रिटिश बनावटीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक आले. त्याच वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि मराठी मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती तयार होऊ लागल्या. माझ्या पिढीने त्या पाहिल्या आहेत. २०१७ साली ती संस्था बंद झाली. आणि काळाची थट्टा अशी की तीनच वर्षांनी सगळ्या महाराष्ट्राच्या शाळा बंद पडून मुले घरोघर टेलिव्हिजनसमोर बसली. जुलै २०२० मध्ये ‘सह्याद्री’ वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली तेव्हा मला त्या जुन्या चित्रफिती आठवल्या.

*

टाळेबंदीच्या त्या दिवसांपाशी आलो की माझी लेखणी अडखळते. पण ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगितलेच पाहिजे.

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. कर्मठ, कडक, आणि शिकवण्यात अव्वल. त्यांच्या हातचे वर्तुळ कंपासाविना गोल येई. २०२० च्या जूनपासून मोबाईलवर तास घ्यायची वेळ आली आणि हे सर गांगरले. आवाज बंद ठेवूनच ते अर्धा तास शिकवीत. मोबाईल उभा धरावा तर वही दिसत नसे, आडवा धरावा तर चेहरा. पलीकडे मुले हसत, आणि मुलांच्या मागे बसलेले पालकही. शिक्षकांच्या खोलीत यावर विनोद होत. मी त्या विनोदांत सामील होतो. माझे स्वतःचे तास कसे चालत? माझी मुलगी शेजारी बसून सारी बटणे दाबीत असे. शाळेत मी याचा पत्ता लागू दिला नव्हता.

एक दिवस फोनवर ते मला म्हणाले, “काय हो, तुम्हाला जमते का हे सगळे?”

मी म्हणालो, “हो, त्यात काय आहे एवढे?”

बस्स. पुढे ते काही बोलले नाहीत. सेवेची तीन वर्षे शिल्लक असताना २०२१ साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपसमारंभाला जमाव बंद होता, म्हणून तोही मोबाईलवरच झाला.

त्यापूर्वी प्रशिक्षण झाले नव्हते असे नाही. आम्हा सर्वांना दोन दिवस एका सभागृहात बसवले होते. शे-सव्वाशे शिक्षक, व्यासपीठावर एक प्रोजेक्टर. तज्ज्ञांनी पडद्यावर एकामागून एक चित्रे दाखवून प्रोजेक्टर कसा वापरावा ते सांगितले. यंत्राला हात लावण्याची पाळी आमच्यापैकी एकावरही आली नाही. चहा झाला, हजेरी झाली, प्रमाणपत्रे मिळाली. माझे प्रमाणपत्र अजून फाईलला लावलेले आहे. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास करून दाखवून दिले होते की नुसत्या व्याख्यानाने आणि प्रात्यक्षिकाने वर्गात फारसे काही उतरत नाही. जवळ कोणीतरी सोबती हवा, वारंवार सराव हवा, तेव्हाच ते अंगवळणी पडते. यासाठी अमेरिकेत जायलाही नको. पोहायला शिकवणारा आमच्या गावचा कोळी हेच सांगेल.

*

शाळा पुन्हा भरल्यावर आमच्या विज्ञानाच्या बाईंनी एक गोष्ट केली. वयाने त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “सर, मला फळ्यावर हृदयाची आकृती नीट काढता येत नाही. मुले हसतात. शिकवाल का?”

मी शिकवली. आधी बाह्यरेषा, मग कप्पे, मग निळ्या-तांबड्या खडूने रक्तवाहिन्या. त्यांचे तिसरे हृदय चांगले जमले. ते पाहताना मला काय वाटले कोण जाणे, मी म्हणून गेलो, “बाई, मला तो प्रोजेक्टर लावता येत नाही.” आठ वर्षांच्या त्या मुलाला पुढे करण्याऐवजी बेलने आपल्या मास्तरांजवळ बसून त्यांना असे बोलू दिले असते तर कदाचित निराळे घडले असते.

बाईंनी फुलाफुलांचे कापड काढले. आत काय निघाले? हवेच्या जाळीत माझ्याच खडूची भुकटी गच्च बसली होती! त्या म्हणाल्या, “सर, आधी ही साफ करू, नाहीतर तापून बंद पडेल.” मग त्यांनी मला पहिल्यांदा ‘सोर्स’ दाखवला. यंत्राच्या पाठीमागे दोन-तीन निरनिराळ्या खोबणी असतात आणि चित्र कोणत्या खोबणीतून घ्यायचे हे त्याला सांगावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. ज्या एका शब्दाने माझी पाच-सहा वर्षे खाल्ली, तो शब्द समजायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

पुढे दर शनिवारी अर्धा तास असा नेम पडला. आम्ही दोघे होतो त्यांचे पाच जण झालो. नियम एकच. ज्याला जे येत नसेल ते त्याने सांगायचे, आणि यंत्राला हात त्यानेच लावायचा. येणाऱ्याने फक्त तोंडाने सांगायचे. मराठीच्या सरांची अडचण अशी की घरी टाइप केलेली कविता शाळेच्या संगणकावर उघडली की तिच्या जागी इंग्रजी अक्षरांची चटणी दिसे. जुन्या टंकांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसला की खालची अक्षरे उघडी पडत. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कोठेही देवनागरीच राहते. हे उमगायला आम्हाला दोन शनिवार लागले, पण पुन्हा कोणाची कविता बिघडली नाही. अशी शिकण्याची वाट आम्हीच शोधली असे मात्र नव्हे. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक आपले आपण गेले होते. सोलापूरकडच्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग आपल्या लहानशा शाळेत केला. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले तेव्हा त्यांनी अर्धी रक्कम उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली. शिक्षक शिक्षकाकडून शिकतो, हे त्यांनाही ठाऊक असले पाहिजे.

मग एकदा मी अजिंठ्याचा पाठ घेतला. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दाखवायचा होता. पडदा ऐन वेळी उंदराने कुरतडलेला निघाला. मी हिरमुसलो. दारातून जाता जाता बाई म्हणाल्या, “सर, पडदा कशाला? फळ्यावरच टाका की.” खिडक्या लावल्या आणि चित्र फळ्यावर टाकले. काळ्यावर ते मंद दिसत होते, पण रेषा स्पष्ट होत्या. मी एकेका मुलाला बोलावून हातात खडू दिला आणि भुवईची, खांद्याची, कमळाची रेषा गिरवायला सांगितली. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षे अजिंठ्याला या चित्रांच्या प्रतिकृती करीत होते, हे सांगता सांगता मी यंत्र बंद केले. उजेड गेला आणि मुलांनी ओढलेल्या पांढऱ्या रेषा फळ्यावर तशाच राहिल्या. वर्ग क्षणभर गप्प झाला. अंधारात मध्येच चित्र अडकले होते तेव्हा एका मुलीला मीच म्हणालो होतो, “बघ गं काय झाले ते, मला सुचत नाही.” तिने बघितले. कोणी हसले नाही.

गेल्या मे महिन्यात मी गणिताच्या सरांच्या घरी गेलो. बरेच दिवस जाईन जाईन म्हणत होतो. चहा झाल्यावर म्हणालो, “सर, तेव्हा मी तुमच्याशी खोटे बोललो. मला काहीच येत नव्हते. मुलगी सारे करीत असे.”

सर हसले. म्हणाले, “ठाऊक होते मला. तुमच्या तासाला मागून तिचा आवाज यायचा. ‘बाबा, हे नाही, ते दाबा.’”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“तुम्ही तरी कुठे बोललात?” ते म्हणाले. जरा वेळाने त्यांनी आतून आपला मोबाईल आणला आणि माझ्यासमोर धरला. “नातू बंगलोरला आहे. त्याला भूमितीतली एक रचना करून दाखवायची आहे. हात दिसायला हवा आणि वहीही. कसे करायचे?”

मी मोबाईल त्यांच्याच हातात ठेवला. दोन डबे एकावर एक रचून त्याखाली वही सरकवली आणि म्हणालो, “तुम्ही करा, सर. मी नुसता सांगतो.”